आल्प्सच्या छायेत मायबोलीची भेट

चेन्नईच्या टी. नगरमधील पाँडी बाजारची गजबज मागे टाकून आतल्या गल्लीत वळले, की एका जुन्या घरातून सकाळी फिल्टर कॉफीचा सुवास येतो. येथे राहणारे सत्तरीचे आजी-आजोबा आपल्या बँकेचे जुने खातेदार. त्यांचे पूर्वज तंजावरचे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे मराठी राज्य स्थापिले. १८५५ मध्ये ते राज्य लयाला गेले, परंतु भाषा घराघरांत टिकून राहिली. तमिळ शब्दांचा साज लेवून, स्वतःचा हेल जपून.

आजींच्या मनात मात्र एक सल होता. पुण्यातील एका लग्नघरी त्यांच्या बोलण्याला काही पाहुणे हसले होते. तेव्हापासून त्यांनी चारचौघांत मराठी बोलणे सोडले आणि घरी नातीशीही त्या तमिळमध्येच बोलू लागल्या.

मे २०१८ मध्ये मुलाच्या आग्रहावरून हे दांपत्य स्वित्झर्लंडला गेले. ऱ्हाईनचा धबधबा, ल्युसर्नचा लाकडी पूल, ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखचे रेल्वे स्थानक हे सारे त्यांनी डोळे भरून पाहिले. पण मनात घर केले ते पूर्वेकडील ग्राउब्युंडेन या प्रांताने. तेथे लाल रंगाची आगगाडी ६५ मीटर उंच दगडी कमानींवरून वळण घेत थेट कड्यातील बोगद्यात शिरते. पलीकडे एंगाडिनचे खोरे, जाड भिंतींची घरे आणि त्या भिंतींवर कोरलेली वचने.

ज्या घरी त्यांचा मुक्काम होता, त्या घराच्या यजमानीणबाईंनी 'बुन दी' म्हणून स्वागत केले. ही जर्मन का, असे आजींनी विचारताच त्या हसून म्हणाल्या, "नाही, ही आमची रोमान्श!"

या भाषेची कथा त्या देशाच्या इतिहासाशी निगडित आहे. १२९१ मध्ये तीन डोंगरी प्रांतांनी परस्पररक्षणाचा करार केला, तो या राष्ट्राचा प्रारंभ मानला जातो. शेतजमीन थोडी आणि दारिद्र्य मोठे. त्यामुळे शतकानुशतके येथील तरुण परक्या राजांच्या सैन्यात चाकरी करीत. १८४७ मध्ये कॅथलिक व प्रॉटेस्टंट प्रांतांत यादवी झाली. ती अल्पावधीत शमली आणि १८४८ च्या राज्यघटनेने जर्मन, फ्रेंच व इटालियन या तिन्ही भाषांना राष्ट्रभाषांचे समान स्थान दिले.

रोमान्श मात्र बाहेरच राहिली. पुढे मुसोलिनीच्या काळात 'रोमान्श ही इटालियनचीच एक बोली' असा प्रचार सीमेपलीकडून होऊ लागला. त्यामागे भूभागावरील हक्काचा हेतू होता. २० फेब्रुवारी १९३८ रोजी स्विस मतदारांनी कौल दिला. दहांतील नवांहून अधिक मते रोमान्शला चौथी राष्ट्रभाषा करण्याच्या बाजूने पडली. त्या मतदारांपैकी बहुतेकांना ही भाषा येतही नव्हती. आजही ती मुख्य भाषा म्हणून बोलणारे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहेत.

हे ऐकून आजी बराच वेळ खिडकीबाहेरच्या हिमशिखरांकडे पाहत राहिल्या. आपल्या बोलीलाही कोणी 'मोडकी' म्हटले होते आणि आपण ते मुकाट्याने मान्य केले होते, याची खंत त्यांनी त्या रात्री आजोबांजवळ बोलून दाखविली, तीही मराठीतून.

परतताना आजोबांनी आठवण म्हणून दहा फ्रँकची एक पिवळी नोट जपून आणली. तिच्यावर तेथील मध्यवर्ती बँकेचे नाव चार भाषांत छापलेले आहे आणि त्यांत रोमान्शही आहे. टी. नगरच्या घरी त्यांनी ती नातीपुढे ठेवली, शेजारी आपली शंभराची नोट ठेवली आणि तिच्यावरील भाषा मोजायला सांगितल्या. हिंदी, इंग्रजी आणि पट्ट्यातील पंधरा, अशा सतरा भरल्या. नातीने तमिळ ओळ चटकन ओळखली. मराठी ओळीपाशी तिचे बोट अडखळले.

त्या वेळी आजी पुढे सरसावल्या आणि तंजावरी हेलात त्यांनी ती ओळ वाचून दाखविली. नातीने ती जशीच्या तशी, त्याच हेलात म्हटली. आता रोज सकाळच्या कॉफीबरोबर त्या घरात दोघींचा मराठीचा तास चालतो.