यंदा कोणते धान?

मृग जवळ आला की नाकाडोंगरीकडे घरोघरी एकच बोलणे. यंदा कोणते धान? कोणी म्हणतो, भारी लावा, उतारा जास्त. कोणी म्हणतो, हलके बरे, लवकर हाती येते. दोघांचेही खरे. मग ठरवायचे कसे?

अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन नावाचे शहाणे गृहस्थ होऊन गेले. १७७२ साली त्यांनी प्रीस्टले या मित्राला पत्रातून एक युक्ती कळवली. कागदावर मधोमध रेघ ओढा. एकीकडे फायदे लिहा, दुसरीकडे तोटे. तीन-चार दिवस सुचेल तसे लिहीत जा. मग सारख्या वजनाचे समोरासमोर खोडा. उरेल त्यावरून ठरवा.

तुम्हाला आता लिहिता येते. करून पाहा. पण धानाला एवढे पुरत नाही बरे का! येथे एक गोष्ट दुसरीला बांधलेली असते.

हलके धान ११०-१२० दिवसांत निघते. भारी धान १४० दिवस तरी घेते. म्हणजे पाणीही तितके दिवस हवे. पाऊस गेला की तलावाची आशा. ते पाणी या बांधीतून त्या बांधीत येते. वरच्या शेजाऱ्याने हलके लावले, तर कापणीसाठी तो आपली बांधी सुकवणार. मग तुमच्या भारी धानाला पाणी कोठून येईल?

मी मास्तर असून एका साली फसलो. फायद्यात ‘उतारा जास्त’ असे मोठ्या अक्षरात लिहिले आणि वरच्या बांधीत भारी धान लावले. धान निसवले आणि पाणी संपले. लोंब्या पोचट! उतारा पाण्यावर टेकलेला आहे, हे मी लिहिलेच नव्हते.

तेव्हापासून मी आधी नुसती नावे लिहितो. जमीन, पाणी, दिवस, मजूर, तणस, पैसा. प्रत्येकाला विचारतो, तू कशावर टेकलास? तेथे रेघ जोडतो. जिकडे जास्त रेघा जातात, ते आधी ठरवायचे. आपल्याकडे बहुधा ते पाणीच निघते. जे धान पाण्यात बसत नाही, ते तेथेच खोडावे, उतारा कितीही असो. उरलेल्यांसाठी फ्रँकलिनसाहेबांची रेघ.

सगळीकडे एकच धान हवे असेही नाही. वरच्या बांधीत हलके, खोल बांधीत भारी चालते. सगळे हलके लावले तर कापणी एकदम येते. डोंगरी बुजुर्गच्या खाणीत जाणाऱ्या मुलाला तेव्हा सुटी मिळेल काय, ते त्याला आधीच विचारा. आणि कागद घरधनिणीलाही वाचून दाखवा. रोवणा तिलाच करायचा आहे.