गोल पाइपला पैलू का पडतात?

कॅडमध्ये हा पाइप गणिती वक्र असतो. ब्लेंडरमध्ये आणायच्या एसटीएल फाइलमध्ये नुसते सुटे त्रिकोण. म्हणून आपण आधी एकाच जागचे बिंदू जोडतो, मग शेड स्मूथ करतो. पण सरसकट केलं, तर सपाट फ्लँजवर काळपट डाग उमटतात, कारण कडेवरचा नॉर्मल दोन पृष्ठांची सरासरी होतो. चित्र बघून गिऱ्हाईक विचारतं, पार्टला पोचा आलाय का? तेव्हा कोनाची मर्यादा घालायची, साधारण ३० अंश. आता गंमत बघा: ८ बाजूंच्या पाइपात शेजारच्या पृष्ठांत ४५ अंश, म्हणजे पैलू तसेच, २४ बाजूंच्यात १५, तो गुळगुळीत दिसतो. बाह्यरेषा मात्र शेडिंगने बदलत नाही, तिथे कॅडमधूनच बारीक जाळी काढावी लागते.