सहाव्या जागेवरची अदलाबदल

‘पाणी भरपूर पीत जा. थंडीत उघड्यावर झोपू नका. ताप अंगावर काढू नका. दमछाक होईल असं काम टाळा.’ नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत कुठल्याही सरकारी दवाखान्यात सिकलसेलच्या रुग्णाला हे बजावलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं? हे तर घरची म्हातारी माणसंही सांगतात. पण या चारही सूचना एकाच रेणूच्या रसायनशास्त्रातून आल्या आहेत. जिवंत पेशीतले रेणू कसे वागतात आणि त्यांच्या रचनेत तसूभर फरक पडला तर माणसाचं काय होतं, हे सिकलसेलइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल.

हा रेणू म्हणजे हिमोग्लोबिन. आपल्या रक्तातली लाल पेशी तयार होताना स्वतःचं केंद्रकसुद्धा टाकून देते आणि त्या एवढ्याशा जागेत सुमारे 27 कोटी हिमोग्लोबिन रेणू दाटीवाटीने भरते. प्रत्येक रेणूत प्रथिनाच्या चार साखळ्या असतात: दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा साखळीत 141 आणि बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं एकापुढे एक जोडलेली असतात. म्हणजे एका रेणूत एकूण 574. प्रत्येक साखळीच्या कुशीत ‘हीम’ नावाचा एक छोटा घटक असतो, त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू, आणि प्राणवायू येऊन बसतो तो या लोहावर.

साखळी तयार झाली की ती आपोआप घडी घेते. ही घडी ठरते अमिनो आम्लांच्या स्वभावावरून. शरीरातली प्रथिनं ज्या वीस प्रकारच्या अमिनो आम्लांनी बनतात, त्यांतल्या काहींवर विद्युतभार असतो आणि त्यांचं पाण्याशी जमतं. काही मात्र तेलकट स्वभावाची. आमटीवर तेलाचे थेंब जसे एकमेकांना शोधत तवंगात गोळा होतात, तशी ही तेलकट अमिनो आम्लं पाणी टाळून घडीच्या आत दडतात, आणि पाण्याशी जमणारी बाहेर राहतात. म्हणूनच एकमेकांना खेटून असूनही निरोगी पेशीतले हिमोग्लोबिन रेणू परस्परांना चिकटत नाहीत.

सिकलसेलमध्ये बिघडतं ते नेमकं इथे. बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल असायला हवं. त्यावर ऋण भार असतो आणि ते रेणूच्या बाहेरच्या अंगाला असतं. त्याच्या जागी व्हॅलिन येतं. व्हॅलिनवर भार नाही, आणि ते तेलकट. याचं कारण डीएनएमधल्या एका अक्षराची अदलाबदल: ‘जीएजी’च्या ठिकाणी ‘जीटीजी’. वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर संपूर्ण रेणूत हजारात एक भाग इतकाही फरक पडत नाही. पण रेणूच्या पाठीवर, पाण्यात, एक तेलकट ठिपका उघडा पडतो.

हे उलगडायला अर्धं शतक गेलं. 1910 मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. पेशी वाकड्या का, हे त्यांना सांगता आलं नाही. दोष पेशीच्या आवरणात नसून आतल्या हिमोग्लोबिनमध्ये असावा, असा तर्क केला रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे त्यांनी आणि हार्वे इटानो यांच्यासह त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवलं. दोन्हींची चाल वेगळी निघाली, म्हणजे दोन्हींवरचा विद्युतभार वेगळा होता. वाहकांच्या, म्हणजे एकाच पालकाकडून हा दोष मिळालेल्यांच्या, रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले सापडले. 1949 मध्ये त्यांनी हा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि शीर्षकातच सिकलसेलला ‘रेण्वीय आजार’ म्हटलं. एखाद्या आजाराचं मूळ एका विशिष्ट रेणूत दाखवून देण्याची ही पहिलीच वेळ.

फरक नेमका कुठे आहे, हे शोधलं केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी. ट्रिप्सिन या विकराने त्यांनी हिमोग्लोबिनचे लहान लहान तुकडे केले. ते कागदावर आधी एका दिशेने विजेच्या साहाय्याने आणि मग काटकोनात द्रावकाच्या साहाय्याने पसरवले. कागदावर ठिपक्यांची नक्षी उमटली. निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिनच्या नक्ष्या शेजारी ठेवल्या तेव्हा सगळे ठिपके जुळले, एक सोडून. त्या एका तुकड्याची चिकित्सा करून 1957 मध्ये त्यांनी जाहीर केलं की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलेलं आहे, बाकी काही बदललेलं नाही.

मग रुग्णाला सतत त्रास का होत नाही? अचानक वेदनेचे झटके का येतात? कारण व्हॅलिनचा तो ठिपका एरवी निरुपद्रवी असतो. फुप्फुसात प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन एका आकारात असतं. ऊतींमध्ये प्राणवायू सोडला की त्याचा आकार बदलतो. या बदललेल्या आकारात बीटा साखळीवर फेनिलॲलानिन आणि ल्युसिन या दोन तेलकट अमिनो आम्लांची एक खाच उघडी होते. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्या खाचेत चपखल बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जुळत जातात आणि चौदा पदरांचे लांब, ताठ तंतू तयार होतात. मऊ, वाटोळी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि तिथून पुढचा रक्तपुरवठा तुटतो. हाच तो जीवघेणा दुखण्याचा झटका. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकल पेशी जेमतेम दहा ते वीस दिवस. पंडुरोग त्यामुळेच.

मात्र प्राणवायू सोडल्याबरोबर तंतू बनत नाहीत. मध्ये थोडा अवधी जातो. तेवढ्यात पेशी केशवाहिनी पार करून फुप्फुसाकडे परतली, तर धोका टळतो. हा अवधी किती, ते पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर ठरतं, आणि हे नातं विलक्षण तीव्र आहे. दाटपणा दहा टक्क्यांनी वाढला तर अवधी दहा टक्क्यांनी नव्हे, दहापटींच्या घरात कमी होतो. आता त्या चार सूचना पुन्हा वाचून पाहा. पाणी कमी पडलं की पेशी आक्रसते आणि हिमोग्लोबिन दाट होतं. तापात घाम जाऊन तेच घडतं. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, पेशी वाटेत रेंगाळते. अतिश्रमात स्नायू प्राणवायू ओढून घेतात आणि रक्ताची आम्लता वाढते, त्यामुळे हिमोग्लोबिन आणखी लवकर प्राणवायू सोडतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या रुग्णाला तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यायला सांगतात, ते यासाठी.

औषधही याच रसायनशास्त्रातून आलं. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि ते या तंतूंमध्ये सामील होत नाही. म्हणून रुग्ण बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं, आणि गर्भातलं हिमोग्लोबिन ओसरू लागलं की त्रास सुरू होतो. मूळचं कर्करोगावरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध मोठेपणीही गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते नियमित घेतलं तर झटके कमी होतात. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला जनुक-संपादनाचा उपचारही हेच बंद पडलेलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. पण तिथे त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. आपल्याकडच्या रुग्णासाठी आज तरी गोळी आणि पाणी हाच आधार.

इतका घातक बदल लोकसंख्येत टिकला कसा? 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून दाखवलं की ज्याला एकाच पालकाकडून हे जनुक मिळालं आहे, अशा वाहकाला गंभीर हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. भारतात हे जनुक प्रथम 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळलं. सातपुड्यातले भिल्ल-पावरा, गडचिरोलीतले गोंड-माडिया यांच्यात ते आहेच, पण विदर्भातल्या इतर अनेक समाजांतही आहे. त्याला ‘अमक्यांचा आजार’ म्हणणं चुकीचं आणि अन्यायाचं.

तपासणीतही तेच रसायनशास्त्र वापरात येतं. आरोग्य केंद्रात रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. द्रावण हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेतं. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेषा स्पष्ट दिसल्या, तर सिकल हिमोग्लोबिन नाही. रेषा दिसेनाशा झाल्या, तर ते आहे आणि न विरघळल्याने द्रावण गढूळ झालं आहे. या चाचणीत वाहक आणि रुग्ण दोघांचंही द्रावण गढूळ होतं. म्हणून पुढे पॉलिंग यांच्याच तत्त्वावरची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करतात: वाहकाचे दोन पट्टे, ‘ए’ आणि ‘एस’, रुग्णाचा मुख्य पट्टा एकच, ‘एस’चा.

वाहक आजारी नसतो आणि त्याच्या लग्नालाही आडकाठी नाही. पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. देशात 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, त्यात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलेलं आहे. तुमचं घराणं सातपुड्याच्या पट्ट्यातलं किंवा विदर्भातलं असेल, तर पत्रिका जुळवण्याआधी दोघांच्याही रक्ताचा अहवाल पाहा.