साखर जिवाणूच्या पेशीत आपोआप शिरत नाही

साखरेच्या पाण्यात जिवाणू सोडला की साखर आपसूक त्याच्यात झिरपते, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. पेशीपटल मेदाच्या दोन थरांचं असतं. पाण्यात रमणारा साखरेचा रेणू त्यातून जवळजवळ पार होतच नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाक मोनो आणि सहकाऱ्यांना इ. कोलाय या जिवाणूचे असे प्रकार सापडले, ज्यांच्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फोडणारं विकर शाबूत होतं, तरी त्यांना ती वापरता येत नव्हती. साखर आतच पोचत नव्हती! तिला आत नेणाऱ्या पर्मिएज प्रथिनाची ओळख त्यांनी १९५६ मध्ये जगाला करून दिली.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: असं प्रथिन म्हणजे पटलाला पडलेलं भोक. इ. कोलायच्या बाहेरच्या पटलात पोरिन प्रथिनांची पाण्याने भरलेली भोकं खरोखर असतात. आतल्या पटलाला ती परवडणार नाहीत. पेशी सतत प्रोटॉन बाहेर ढकलत असते. बाहेर-आतला हा फरक हीच तिची ऊर्जेची पुंजी. सताड उघडी वाट ठेवली, तर ती पुंजी फुकट जाईल. म्हणून ४१७ अमिनो आम्लांचं, पटलाला बारा वेळा ओलांडणारं हे पर्मिएज दोन दारांच्या खोलीसारखं वागतं: एक दार उघडं असताना दुसरं बंद. २००३ मध्ये रोनाल्ड कॅबॅक, सो इवाता आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा ते पेशीच्या आतल्या बाजूला उघडं आणि बाहेरून मिटलेलं दिसलं.

या वाहतुकीला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतोच, हेही खरं नाही. पीटर मिचेल यांनी १९६३ मध्ये मांडलं की प्रोटॉन आत परतताना लॅक्टोजला सोबत आणतो. १९७० मध्ये इयन वेस्ट यांनी जिवाणूंना लॅक्टोज दिलं आणि बाहेरच्या द्रावणाची आम्लता घटली. प्रोटॉन आत जात होते. पुढे कॅबॅक यांच्या प्रयोगशाळेने या प्रथिनातली अमिनो आम्लं एकेक करून बदलून पाहिली. अगदी मोजकीच अनिवार्य निघाली. त्यांतलं ३२५ क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल बदललं, तर आतल्या-बाहेरच्या लॅक्टोजची अदलाबदल चालू राहते, पण साठा काही होत नाही. माझ्या मते या संपूर्ण संशोधनातला सर्वांत देखणा पुरावा हाच.

सगळ्या साखरा याच पद्धतीने येतात असंही नाही. इ. कोलायमध्ये माल्टोजच्या वाहतुकीला एटीपी खर्ची पडतं. योगर्टच्या विरजणातला स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस गॅलॅक्टोज बाहेर सोडून लॅक्टोज आत घेतो. ग्लुकोजला तर आत येता येताच फॉस्फेट चिकटवलं जातं, त्यामुळे त्याला परत जाता येत नाही. ग्लुकोज मुबलक असलं की याच यंत्रणेतलं एक प्रथिन लॅक्टोजच्या पर्मिएजला चिकटून त्याचं काम थांबवतं. म्हणून दोन्ही साखरा समोर असल्या तरी इ. कोलाय आधी ग्लुकोज संपवतो आणि मगच लॅक्टोजकडे वळतो.