पुस्तक घेतलं, मग ई-प्रत फुकट का नाही?

कर्जत किंवा खोपोलीहून रोज मुंबईला जाणाऱ्याला लोकलमध्ये एका बाजूने जवळपास दोन तास मिळतात. गर्दीत जाडजूड पुस्तक उघडता येत नाही, फोन उघडता येतो. शिवाय इथल्या पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. त्यामुळे छापील पुस्तक घेणाऱ्याला त्याची ई-प्रतही मिळावी, ही मागणी मला रास्त वाटते. तिच्यासाठी दिली जाणारी कारणं मात्र बरीचशी चुकीची आहेत.

विकत घेतलं म्हणजे मजकूर आपला झाला, हा पहिला गैरसमज. आपली होते ती प्रत. ती भेट द्या, जुन्या बाजारात विका, 1957 चा कॉपीराइट कायदा आड येत नाही. नवी प्रत काढण्याचा हक्क लेखकाचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा, आणि तो लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं आज कुणीही ई-रूपात मोफत देऊ शकतो.

‘प्रकाशकाकडे फाइल असतेच, पाठवायला काय लागतं?’ खरी अडचण इथेच आहे. जुनी मराठी पुस्तकं युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली. त्यांची छपाईची पीडीएफ फोनवर उघडली की अक्षर मुंगीएवढं दिसतं. मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे बसवायचा तर तो युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यात जोडाक्षरं, रफार, वेलांट्या बिघडतात आणि सगळं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. पुढे कराराचा प्रश्न येतो. 2012 च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की, करार झाला तेव्हा जे माध्यम वापरातच नव्हतं, त्याचे हक्क वेगळा उल्लेख असल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. म्हणजे जुन्या पुस्तकासाठी लेखकाची किंवा वारसांची नव्याने संमती घेणं हाच बिनधोक मार्ग. वर करही आहे. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर तो 2018 मध्ये 18 वरून 5 टक्क्यांवर आला.

असं कुणी देतच नाही, हेही खरं नाही. अ‍ॅमेझॉनने 2013 ते 2019 अमेरिकेत ‘मॅचबुक’ योजना चालवली. प्रकाशक तयार असेल तर छापील पुस्तकाच्या ग्राहकाला ई-प्रत फुकट किंवा फार तर 2.99 डॉलरला मिळे. आपल्याकडे बालभारती तर त्याच्याही पुढे आहे. खालापूरच्या वाडीतलं पोर शाळेत जे पुस्तक वाचतं, त्याची पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत मिळते, पुस्तक घेतल्याचा पुरावाही द्यावा लागत नाही. पण ती सरकारी संस्था. प्रती विकून घर चालवणाऱ्या खासगी प्रकाशकाकडून तसं सरसकट मागणं अन्यायाचं होईल.

नव्या पुस्तकांची गोष्ट वेगळी. लेखक आता बहुतेकदा मजकूर युनिकोडमध्येच टंकून देतात आणि करारही आजच व्हायचा असतो. त्यात छापील प्रतीबरोबरच्या ई-प्रतीचं कलम आणि त्यावरचं लेखकाचं मानधन लिहून घ्यावं. त्यासाठी पुस्तकाची किंमत दहा-वीस रुपयांनी वाढली, तर मी ते आनंदाने देईन.