टॅटू काढायचाय? डिझाइनआधी स्टुडिओतला ऑटोक्लेव्ह बघा

टॅटू काढायचं ठरलं की सगळा वेळ इन्स्टाग्रामवर डिझाइन शोधण्यात जातो. स्टुडिओ मात्र फोटो आणि डिस्काउंट बघून ठरतो. खरं तर जास्त चौकशी त्याचीच करायला हवी.

टॅटूची सुई त्वचेत एक-दोन मिलिमीटर आत जाते आणि रक्त येतं. आधीच्या ग्राहकाच्या रक्ताचा अंश सुईवर किंवा शाईत राहिला, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. यातला हिपॅटायटिस बीचा विषाणू भलताच चिवट. शरीराबाहेरही तो किमान सात दिवस तग धरतो. त्यावर लस आहे, पण तिचे तीन डोस पूर्ण व्हायला साधारण सहा महिने लागतात. म्हणजे ही तयारी आधीपासूनच करावी लागते.

स्टुडिओच्या भिंतीवर शॉप ॲक्ट परवाना, म्हणजे गुमास्ता, लावलेला असतो. त्यावरून दुकानाची नोंदणी झाली आहे एवढंच कळतं, सुया स्वच्छ आहेत की नाही हे कळत नाही. ते आपणच विचारायचं. सुई एकदाच वापरायची, सीलबंद हवी आणि पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे. पाकिटावरची एक्सपायरी डेटही वाचावी. मशीनची ग्रिप पुन्हा वापरणार असतील तर ती ऑटोक्लेव्हमधून काढलेली हवी. या यंत्रात दाबाखालच्या वाफेने, साधारण 121 अंश सेल्सिअसला, जंतू मारले जातात. काही ठिकाणी त्याऐवजी निळ्या दिव्याची यूव्ही पेटी दाखवतात. ती दिसते झकास, पण ऑटोक्लेव्हची जागा घेऊ शकत नाही. हे प्रश्न विचारल्यावर आर्टिस्ट चिडला तर सरळ उठून यावं.

शाईचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात 2011-12 मध्ये एकाच आर्टिस्टकडे टॅटू काढलेल्या 19 जणांना त्वचेचा संसर्ग झाला. तपासात दोष निघाला तो आधीच पातळ करून बाटलीत भरलेल्या राखाडी शाईत. त्यामुळे शाईची बाटली कोणत्या कंपनीची, बॅच नंबर काय, हे बघावं. शाई प्रत्येक ग्राहकासाठी वेगळ्या छोट्या कपात ओतलेली हवी, आणि ती नळाच्या पाण्याने तर मुळीच पातळ करू नये.

पिअर्सिंगचं काय? सोनारानेच कान टोचावेत ही म्हण जुनी, पण सोनाराची तारही निर्जंतुक असावी लागते. मॉलमधली गन कानाच्या पाळीपुरती वापरतात. तिचे प्लास्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये टाकता येत नाहीत. कानाच्या वरच्या कुर्चेत किंवा नाकात गन नकोच, तिथे पोकळ सुईच हवी. कुर्चेला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिथला संसर्ग बरा व्हायला वेळ लागतो आणि कधी कानाचा आकारही बिघडतो. पहिला दागिना टायटॅनियमचा असेल तर उत्तम. निकेल असलेल्या स्वस्त बाळ्यांमुळे अनेकांना खाज आणि पुरळ येते.

एक-दोन दिवस लाली आणि थोडी सूज असणं स्वाभाविक आहे. लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला, तर मात्र आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नये, डॉक्टर गाठावा. आणि नियमित रक्तदान करणाऱ्यांनी तारीख लिहून ठेवावी: भारतात टॅटू किंवा पिअर्सिंगनंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही.