स्मृतिभ्रंश-रुग्णांच्या कौटुंबिक शुश्रूषकांची सावरणक्षमता

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची घरी शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाची, दीर्घकाल ताण सोसूनही स्वतःचे शारीरिक व मानसिक स्वास्थ्य टिकविण्याची किंवा ढासळलेले स्वास्थ्य परत मिळविण्याची क्षमता. ताणाचा अभाव म्हणजे सावरणक्षमता नव्हे. ओझे तेवढेच राहूनही ते वाहणारी व्यक्ती कितपत उभी राहते, हे या संज्ञेने दर्शविले जाते.

डिमेन्शिया या नावानेही ओळखला जाणारा स्मृतिभ्रंश हा एकच रोग नसून मेंदूच्या अनेक विकारांत आढळणारा लक्षणसमूह आहे. त्याचे सर्वांत सामान्य कारण असलेल्या रोगाचे वर्णन जर्मन वैद्य आलोइस अल्त्सहायमर यांनी १९०६ मध्ये प्रथम केले. स्मरणशक्ती, भाषा, निर्णयशक्ती व दैनंदिन कामे करण्याचे सामर्थ्य क्रमाक्रमाने ऱ्हास पावते. हा ऱ्हास पूर्णपणे भरून काढणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीवरून भारतातील ६० व त्याहून अधिक वयाच्या सु. ८८ लाख व्यक्तींना हा विकार असल्याचा अंदाज करण्यात आला. त्यांपैकी बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते व ती मुख्यतः पत्नी, मुलगी किंवा सून करते.

ताणाचे स्वरूप : या शुश्रूषेत अंगमेहनतीपेक्षा अखंड सावधगिरीच अधिक थकविणारी असते. रुग्ण रात्री जागतो, घराबाहेर निघून जातो, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो, प्रसंगी शुश्रूषकावरच चोरीचा आळ घेतो. शिवाय माणूस डोळ्यांसमोर असूनही पूर्वीचा राहिलेला नसतो. अमेरिकन कुटुंबशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी या अनुभवास ‘संदिग्ध हानी’ असे म्हटले आहे. मृत्यूनंतर समाज शोकाला वाट करून देतो. या हानीला मात्र ना सुतक असते, ना सांत्वनाला येणारी माणसे. ताणाचे परिणाम शरीरावरही होतात. ज्यांना शुश्रूषेचा ताण जाणवत होता अशा वृद्ध पतिपत्नींमध्ये चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण, शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक असल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात १९९९ मध्ये दिसून आले. तथापि तो केवळ स्मृतिभ्रंशापुरता मर्यादित नव्हता.

सावरणक्षमतेचे घटक : सहनशीलता हा जन्मजात गुण असून तो काहींच्या ठायी असतो व काहींच्या नसतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संशोधनाने तिला फारसा आधार मिळत नाही. स्टीव्हन झॅरिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये २९ रुग्णांच्या शुश्रूषकांचा अभ्यास केला. त्यांना जाणवणाऱ्या ओझ्याचा संबंध रुग्णाच्या वर्तनदोषांशी आढळला नाही. तो इतर नातेवाईक रुग्णाला किती वेळा भेटावयास येतात, याच्याशी आढळला. पाहणी लहान असली, तरी तिने प्रश्नाची दिशा बदलली. रोगाविषयीचे अचूक ज्ञान, कामाची वाटणी, नियमित विश्रांती, आर्थिक आधार आणि रुग्णाचे वर्तन हेतुपुरस्सर नसून रोगजन्य आहे ही जाणीव, हे घटक आता महत्त्वाचे मानले जातात.

साहाय्याचे प्रयोग : न्यूयॉर्क येथे रुग्णांचे पती किंवा पत्नी असलेल्या ४०६ शुश्रूषकांवर केलेल्या दीर्घकालीन प्रयोगात, ज्यांना कौटुंबिक समुपदेशन व गटाचा आधार लाभला, त्यांच्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ मध्यमानाने सु. दीड वर्ष पुढे गेली (२००६). गोव्यात ८१ कुटुंबांच्या साहाय्याने झालेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षित गृहशुश्रूषा-सल्लागारांनी घरोघरी जाऊन रोगाची माहिती दिली, वर्तनसमस्या हाताळण्याचे मार्ग समजावले व शुश्रूषकांना धीर दिला. रुग्णांच्या लक्षणांत किंवा मोजलेल्या ओझ्यात लक्षणीय घट झाली नाही. शुश्रूषकांचे मानसिक स्वास्थ्य मात्र स्पष्टपणे सुधारले. रोग तोच राहूनही तो सोसणाऱ्याचे बळ बाहेरील मदतीने वाढविता येते, हे यावरून दिसते.

सामाजिक बाजू : एकत्र कुटुंबात माणसे पुष्कळ असली, तरी शुश्रूषा वाटली जातेच असे नाही, ती बहुधा एकाच स्त्रीच्या वाट्याला येते आणि तिच्या सोशिकपणाची स्तुती करून इतरजण मोकळे होतात. मातापित्यांच्या निर्वाहासंबंधी २००७ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्याचा भर अपत्यांच्या कर्तव्यावर आहे, शुश्रूषकाच्या विश्रांतीवर नाही. १९९२ मध्ये केरळात स्थापन झालेल्या ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेने शुश्रूषकांना माहिती व आधार देण्याचे कार्य सुरू केले. परंतु रोगाच्या व्याप्तीच्या मानाने अशा सोयी अपुऱ्या आहेत. सावरणक्षमता ही शुश्रूषकाकडून अपेक्षिण्याची गोष्ट नसून, कुटुंबाने व समाजाने त्याला पुरविण्याची गोष्ट आहे. भावाने आठवड्यातून एक रात्र रुग्णाजवळ झोपणे वा शेजारणीने दोन तास बसणे, हेही तिचेच साधन होय.